विद्युत बल किती वेगानं बदलतं? आकडे टाकण्याआधी करायच्या गोष्टी

"सर, फार्मुला तं बराबर टाकला, मंग उत्तर झिरो कावून आलं?"

दर हिवाळ्यात बारावीची उजळणी सुरू झाली की हा प्रश्न माझ्या टेबलाशी येतो. विचारणारी मुलं अभ्यासू असतात. घाटंजी, आर्णी, दारव्ह्याकडच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीनं येतात, कूलंबचा नियम, म्हणजे दोन प्रभारांमधल्या बलाचं सूत्र, झोपेतून उठवलं तरी सांगतात, डेरिव्हेटिव्हची, म्हणजे बदलाच्या दराची, सूत्रंही त्यांना पाठ असतात. पण कूलंबचा नियम अकरावीच्या भौतिकशास्त्रात शिकवला जातो आणि डेरिव्हेटिव्हचे उपयोग बारावीच्या गणितात. दोन वह्या, दोन मास्तर, मधे एक वर्ष. दोन्ही एकाच गणितात आले की मुलं अडखळतात, आणि दरवर्षी त्याच चार-पाच जागी अडखळतात. त्या जागा दाखवण्यासाठी हा लेख आहे.

चिन्हांबद्दल आधी सांगतो. वहीत तुम्ही ती इंग्रजीतच लिहाल. इथं मी ती वर्गात उच्चारतो तशी लिहिली आहेत: बलासाठी एफ, अंतरासाठी आर, प्रभारांसाठी क्यू१ आणि क्यू२, काळासाठी टी. घातांकासाठी ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे आर^२ म्हणजे आरचा वर्ग. डीएफ/डीआर म्हणजे "डीएफ बाय डीआर".

लेखभर एकच उदाहरण धरून चालू:

२ मायक्रोकूलंब आणि ३ मायक्रोकूलंब असे दोन धन प्रभार एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर आहेत. ते सरळ रेषेत एकमेकांपासून दूर जात आहेत आणि त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ५ सेंटिमीटरनं वाढतंय. या क्षणी त्यांच्यातलं बल किती वेगानं बदलतंय?

पुढं वाचण्याआधी हे एकदा स्वतः सोडवून बघा. उत्तर चुकलं तरी चालेल. आपण कुठं चुकलो ते पुढं वाचताना सापडेल.

## तयारी: पेन उचलण्याआधी

घातांकाची सवय. कूलंबच्या नियमात आरचा वर्ग छेदात असतो. तो छेदात ठेवून डेरिव्हेटिव्ह घ्यायला गेलं की बरीच मुलं फक्त छेदाचंच डेरिव्हेटिव्ह घेतात आणि उत्तर १ ÷ (२ आर) लिहून मोकळी होतात. हे साफ चूक आहे. छेदातला आर^२ आधी वर आणा, आर^−२ लिहा. मग नेहमीचा नियम: घात पुढं आणा, घातातून एक वजा करा. −२ मधून एक वजा केला की −३ होतो, −१ नाही. ही चूकही मी दर वर्षी तपासलेल्या पेपरांत बघतो.

एककं. सेंटिमीटरचे मीटर, मायक्रोकूलंबचे कूलंब सुरुवातीलाच करा. पुढं अंतराचा घन येणार आहे. ३० सेंटिमीटरचा घन २७००० येतो आणि ०.३ मीटरचा घन ०.०२७. एक एकक बदलायचं राहिलं तर उत्तर दहा लाख पटीनं चुकतं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून दहाचे घात शेवटपर्यंत घात म्हणूनच ठेवा. शून्यं मोजत बसलात तर एखादं हमखास निसटतं.

प्रश्नातली इंग्रजी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांचे मार्क इथं फार जातात, आणि त्यात गणित येत नसल्याचा काहीच संबंध नसतो. 'विथ रिस्पेक्ट टू डिस्टन्स' म्हणजे अंतराच्या सापेक्ष. तिथं डीएफ/डीआर विचारलाय, उत्तर न्यूटन प्रति मीटरमध्ये येतं. नुसता 'रेट' असेल आणि प्रश्नात वेग किंवा सेकंद दिले असतील, तर डीएफ/डीटी विचारलाय, उत्तर न्यूटन प्रति सेकंदात. 'अ‍ॅट द इन्स्टंट व्हेन' याचा अर्थ "ज्या क्षणी": त्यापुढचा आकडा एका क्षणाचा आहे, कायमचा नाही. आणि 'अ‍ॅव्हरेज रेट' असं लिहिलं असेल तर डेरिव्हेटिव्ह लागतच नाही. दोन वेळचं बल काढा, वजाबाकी करा, मधल्या वेळानं भागा.

सूत्र लागू होतं का? कूलंबचं सूत्र बिंदुप्रभारांसाठी आहे. अंतराच्या मानानं गोळे अगदी लहान असतील तर त्यांनाही चालतं. केसांवर घासलेल्या पेननं कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग सगळ्यांनी केलाय. पेन बराच जवळ आणला तरी कपटा हलत नाही, आणि शेवटच्या थोड्याशा अंतरात एकदम उडी मारतो. बल बदलण्याचा वेग डोळ्यांनी बघायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. पण तिथं वर्गाच्या व्यस्ताचं सूत्र लावू नका. कपट्यावर स्वतःचा प्रभार नसतो, पेनमुळे तो कपट्यात प्रेरित होतो, आणि पेन लांब गेला की तो प्रेरित प्रभारही कमी होतो. त्यामुळे बल वर्गाच्या व्यस्तापेक्षा बरंच झपाट्यानं घटतं. (प्रयोग करायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत करा. श्रावणात आपल्याकडं हवा इतकी ओली असते की पेनवरचा प्रभार टिकतच नाही, आणि मुलं समजतात की प्रयोगच खोटा आहे.)

## टप्पा १: काय बदलतं, काय बदलत नाही

पान उभं दुमडा. डावीकडं "बदलतं", उजवीकडं "स्थिर" असं लिहा. प्रश्नातली प्रत्येक राशी यातल्या एका बाजूला गेलीच पाहिजे.

आपल्या उदाहरणात डावीकडं एफ आणि आर, उजवीकडं क्यू१, क्यू२ आणि स्थिरांक के, ज्याची किंमत सुमारे ९ × १०^९ न्यूटन मीटर वर्ग प्रति कूलंब वर्ग आहे.

प्रश्नात आरची किंमत ३० सेंटिमीटर दिली आहे, म्हणून पुष्कळ जण आरला उजवीकडं टाकतात. किंमत दिली आहे म्हणजे राशी स्थिर आहे, असं मुळीच नाही. धुऱ्यावर उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या गाडीकडं बघताना "आत्ता ती शंभर मीटरवर आहे" असं तुम्ही म्हणता, तेव्हा गाडी थांबलेली नसते.

तपासा: ज्या राशीचा वेग प्रश्नात दिलाय, ती डावीकडंच आहे ना?

## टप्पा २: सूत्र लिहा, स्थिर गोष्टींची एकच मोट बांधा

एफ = के × क्यू१ × क्यू२ × आर^−२

उजव्या स्तंभातल्या सगळ्या राशींची एकच मोट बांधा आणि तिला ए म्हणा:

ए = के × क्यू१ × क्यू२
एफ = ए × आर^−२

या एका सवयीनं निम्म्या चुका जातात. समोर फक्त दोन बदलत्या राशी उरतात, आणि डेरिव्हेटिव्ह नेमकं कुणाचं घ्यायचंय यात घोळ होत नाही. प्रभार हवेऐवजी दुसऱ्या माध्यमात असतील तर त्या माध्यमाचा परावैद्युत स्थिरांकही छेदात घालून ए मध्येच टाका. पाण्यासाठी तो सुमारे ८० आहे, म्हणून तितक्याच अंतरावरचं बल पाण्यात सुमारे ८० पट कमी होतं. डेरिव्हेटिव्हची पद्धत तीच राहते.

सावधान: इथं अजून एकही आकडा टाकायचा नाही. "उत्तर झिरो" नेमकं इथंच येतं. आरच्या जागी ०.३ टाकला की एफ = ०.६ न्यूटन मिळतो. ०.६ ही नुसती संख्या आहे, आणि संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य. माझ्याकडं आलेल्या त्या मुलानं नियम एकही मोडला नव्हता. त्यानं दोन कामांचा क्रम उलटा केला होता, एवढंच.

## टप्पा ३: अंतराच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह

डीएफ/डीआर = −२ × ए × आर^−३

ए × आर^−२ म्हणजे एफच, म्हणून हेच असंही लिहिता येतं:

डीएफ/डीआर = −२ × एफ ÷ आर

दुसरं रूप वहीच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवा. पुढं पडताळणीला ते फार उपयोगी पडतं.

वजा चिन्हाचा अर्थ: अंतर वाढलं की बल घटतं. विजातीय प्रभार असतील, म्हणजे एक धन आणि एक ऋण, तर इथं मोठा गोंधळ होतो. क्यू१ आणि क्यू२ चिन्हासकट टाकले की ए ऋण होतो, डीएफ/डीआर धन येतो, आणि मुलं लिहितात "अंतर वाढलं की आकर्षण वाढतं". माझं मत स्पष्ट आहे: या गणितांत बलाचं फक्त परिमाण वापरा, दोन्ही प्रभार धन धरा, आणि आकर्षण की प्रतिकर्षण हे शेवटी एका वाक्यात लिहा. दिशेचं काम चिन्हावर सोपवलं की एकच वजा चिन्ह दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागतं, आणि परीक्षेच्या घाईत ती वेगळी करणं जमत नाही.

## टप्पा ४: काळाशी जोडणी

प्रश्नात "किती वेगानं" विचारलंय, म्हणजे डीएफ/डीटी हवा. इथं चेन रूल लागतो:

डीएफ/डीटी = (डीएफ/डीआर) × (डीआर/डीटी)

हा गुणाकार विसरून डीएफ/डीआर काढून थांबणारे पुष्कळ असतात. एकक तपासलं तर चूक लगेच पकडता येते: उत्तर न्यूटन प्रति मीटरमध्ये आलं असेल तर अजून एक पायरी बाकी आहे.

डीआर/डीटीचं चिन्ह प्रश्नातल्या शब्दांवरून ठरतं. दूर जात असतील तर धन, जवळ येत असतील तर ऋण. दोन्ही प्रभार हलत असतील तर त्यांच्यातलं अंतर एकूण किती वेगानं बदलतंय ते आधी काढा. एक सेकंदाला ३ आणि दुसरा २ सेंटिमीटरनं, एकमेकांच्या समोर येत असतील, तर डीआर/डीटी = −५ सेंटिमीटर प्रति सेकंद. दोघंही एकाच दिशेनं जात असतील तर बेरीज नाही, वजाबाकी.

## टप्पा ५: आता आकडे

ए = ९ × १०^९ × २ × १०^−६ × ३ × १०^−६ = ५४ × १०^−३ = ०.०५४
आर^३ = ०.३ × ०.३ × ०.३ = ०.०२७
डीएफ/डीआर = −२ × ०.०५४ ÷ ०.०२७ = −४ न्यूटन प्रति मीटर
डीआर/डीटी = +०.०५ मीटर प्रति सेकंद
डीएफ/डीटी = −४ × ०.०५ = −०.२ न्यूटन प्रति सेकंद

या क्षणी प्रतिकर्षणाचं बल सेकंदाला ०.२ न्यूटन या दरानं कमी होतंय.

## टप्पा ६: पडताळणी, हा टप्पा गाळू नका

पहिली पडताळणी कोपऱ्यातल्या चौकटीनं. एफ = ०.०५४ ÷ ०.०९ = ०.६ न्यूटन. मग −२ × ०.६ ÷ ०.३ = −४. जुळलं.

दुसरी पडताळणी उत्तराच्या अर्थाची. −४ न्यूटन प्रति मीटर याचा अर्थ "एक मीटर दूर गेल्यावर बल ४ न्यूटननं कमी होईल" असा नाही. मुळात बलच ०.६ न्यूटन आहे, त्यातून ४ कसे कमी होणार? डेरिव्हेटिव्ह त्या एका क्षणापुरतं असतं. अंतर थोडं जरी बदललं तरी डेरिव्हेटिव्हही बदलतं.

तिसरी पडताळणी घरी करायची आहे. परीक्षेत तिला वेळ नाही, पण एकदा स्वतःच्या हातानं केली की विषय डोक्यात पक्का बसतो.

पूर्ण एक सेकंद जाऊ द्या. आर ०.३५ मीटर होतो, एफ सुमारे ०.४४१ न्यूटन. बल ०.१५९ नं घटलं. आपण तर ०.२ म्हणालो होतो!

एक दशांश सेकंद जाऊ द्या. आर ०.३०५, एफ ०.५८०५. घट ०.०१९५, म्हणजे सेकंदाला ०.१९५ चा दर.

एक शतांश सेकंद: आर ०.३००५, एफ ०.५९८००५. घट ०.००१९९५, दर ०.१९९५.

वेळ जितका लहान, तितका दर ०.२ च्या जवळ. पहिल्या सेकंदाचा ०.१५९ हा सरासरी दर होता, ०.२ हा त्या क्षणाचा. आपलं उत्तर बरोबरच होतं, ते एका सेकंदाच्या सरासरीशी ताडून बघणं चूक होतं. मागच्या वर्षी एका मुलीनं ही तिन्ही गणितं फळ्यावर करून दाखवली, आणि मागच्या बाकावरून "अच्छा, म्हणून!" असा आवाज आला. मी तासभर बोलून जे झालं नव्हतं ते या तीन ओळींनी झालं. म्हणून सांगतो, हाताखालून घाला.

## प्रभारही बदलत असेल तर

आता उजव्या स्तंभातली एक राशी डावीकडं येते. समजा, वरच्याच उदाहरणात अंतर तसंच वाढतंय, आणि शिवाय २ मायक्रोकूलंबचा प्रभार सेकंदाला ०.१ मायक्रोकूलंबनं गळतोय.

ए आता स्थिर नाही, म्हणून फक्त आरचं डेरिव्हेटिव्ह घेऊन भागत नाही. गुणाकाराचा नियम लावता येतो, पण तीन राशींचा गुणाकार असला की पदं सुटतात. मी मुलांना नेहमी लॉगची वाट सांगतो. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉग घ्या, मग काळाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह. गुणाकाराची बेरीज होते:

(१/एफ) × डीएफ/डीटी = (१/क्यू१) × डीक्यू१/डीटी + (१/क्यू२) × डीक्यू२/डीटी − २ × (१/आर) × डीआर/डीटी

प्रत्येक पद म्हणजे "ती राशी दर सेकंदाला स्वतःच्या कितव्या हिश्श्यानं बदलते" हे सांगणारी संख्या.

प्रभाराचा हिस्सा: −०.१ ÷ २ = −०.०५
दुसरा प्रभार: ०
अंतराचा हिस्सा: −२ × ०.०५ ÷ ०.३ = −०.३३३
बेरीज: −०.३८३
डीएफ/डीटी = ०.६ × (−०.३८३) = −०.२३ न्यूटन प्रति सेकंद

इथं एक सोय अशी की गुणोत्तरं घेत असल्यामुळे मायक्रोकूलंब तसेच ठेवता येतात, वर-खाली कापले जातात. पण वर मायक्रो आणि खाली कूलंब असं करू नका.

तपासा: अंतराच्या पदापुढं २ आणि वजा दोन्ही आहेत ना? घाईत त्यातलं एक हमखास सुटतं.

## प्रभार जोडरेषेवरून जात नसेल तर

मला वाटतं सगळ्यात जास्त मार्क इथं जातात. म्हणून जरा थांबू.

परत धुऱ्यावर उभे राहा. समोरून डांबरी रस्ता सरळ गेलाय, वावरापासून थोडा दूर. एसटी एकसारख्या वेगानं जातेय. लांबून येताना तिच्यातलं आणि तुमच्यातलं अंतर भराभर कमी होतं. अगदी तुमच्या समोर आली की क्षणभर ते अंतर कमीही होत नाही आणि वाढतही नाही. मग वाढायला लागतं. गाडीचा वेग पूर्ण वेळ तोच होता. म्हणजे गाडीचा वेग आणि अंतर बदलण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता २ मायक्रोकूलंबचा प्रभार तुमच्या जागी ठेवा, ३ मायक्रोकूलंबचा गाडीच्या जागी. रस्त्याचं लंब अंतर बी = ३० सेंटिमीटर. दुसरा प्रभार समोरच्या बिंदूपासून एक्स = ४० सेंटिमीटर पुढं गेलाय आणि सेकंदाला ५ सेंटिमीटरनं पुढंच जातोय.

आधी भूमिती:

आर^२ = एक्स^२ + बी^२

बी स्थिर आहे. काळाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्या:

२ × आर × डीआर/डीटी = २ × एक्स × डीएक्स/डीटी
डीआर/डीटी = (एक्स ÷ आर) × डीएक्स/डीटी

आर = ५० सेंटिमीटर, म्हणून डीआर/डीटी = (४० ÷ ५०) × ५ = ४ सेंटिमीटर प्रति सेकंद. पाच नाही, चार. उरलेलं नेहमीचंच:

डीएफ/डीटी = −२ × ०.०५४ ÷ ०.१२५ × ०.०४ = सुमारे −०.०३४६ न्यूटन प्रति सेकंद

सावधान: आर^२ = एक्स^२ + बी^२ मध्ये ४० टाकून आर = ५० काढणं ठीक आहे, पण ते डेरिव्हेटिव्ह घेऊन झाल्यावर. आधी टाकलंत तर परत झिरो.

तपासा: एक्स = ० ठेवला तर डीआर/डीटी शून्य येतो का? यायलाच हवा. गाडी अगदी समोर असताना बल सगळ्यात जास्त असतं, आणि कमाल जागी बदलाचा दर शून्य असतो. तुमचं सूत्र तिथं शून्य देत नसेल तर वेग थेट ठोकून दिलाय.

## दोऱ्याला टांगलेले गोळे: जिथं नेहमीचा अंदाज फसतो

एआयईईई (जेईई मेनच्या आधीची अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) २०११ मध्ये आलेला हा प्रश्न आजही क्लासमध्ये फिरतो. दोन सारखे गोळे एकाच खिळ्याला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी टांगले आहेत. दोघांवर सारखा प्रभार आहे, म्हणून ते एकमेकांपासून एक्स इतके दूर राहतात, आणि एक्स दोऱ्याच्या लांबीच्या (एल) मानानं फार लहान आहे. दोन्ही गोळ्यांवरचा प्रभार एकाच स्थिर दरानं गळतोय, गोळे हळूहळू जवळ येताहेत. जवळ येण्याचा वेग एक्सवर कसा अवलंबून आहे?

मुलं काय करतात? गोळे जवळ येताहेत, म्हणजे अंतर कमी, म्हणजे बल वाढतंय, असं धरून डीएफ/डीआर लिहायला घेतात. पण इथं प्रभारही कमी होतोय, आणि दोन्ही बदल एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून आधी समतोलाचं समीकरण लिहिल्याशिवाय डेरिव्हेटिव्हला हातच लावायचा नाही.

दोऱ्याचा ताण, गोळ्याचं वजन आणि विद्युत बल यांचा समतोल घेतला, आणि दोऱ्याचा उभ्या रेषेशी असलेला कोन थीटा लहान असल्यामुळे टॅन थीटाच्या जागी एक्स ÷ (२ एल) लिहिलं, की मिळतं:

के × क्यू^२ ÷ एक्स^२ = वजन × एक्स ÷ (२ एल)

वजन, के आणि एल स्थिर. म्हणजे एक्स^३ हा क्यू^२ च्या प्रमाणात, आणि एक्स^(३/२) हा क्यूच्या प्रमाणात. आता काळाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह:

(३/२) × एक्स^(१/२) × डीएक्स/डीटी, हे डीक्यू/डीटीच्या प्रमाणात

उजवी बाजू स्थिर, म्हणून डीएक्स/डीटी हा एक्स^(−१/२) च्या प्रमाणात. गोळे जितके जवळ, तितके ते जास्त वेगानं जवळ येतात.

आणि बलाचं काय? समीकरणाची उजवी बाजू बघा. विद्युत बल एक्सच्या सरळ प्रमाणात आहे. म्हणजे गोळे जवळ येत असताना बल कमी होतंय, वाढत नाहीये. प्रभार गळण्याचा परिणाम अंतर कमी होण्याच्या परिणामापेक्षा मोठा ठरतो. "जवळ म्हणजे जास्त बल" हे वाक्य फक्त प्रभार स्थिर असतानाच खरं आहे, आणि ते स्थिर आहेत का हे टप्पा १ मधल्या दुमडलेल्या पानानं आधीच सांगितलं असतं.

## सरावासाठी तीन

एक. ४ आणि ५ मायक्रोकूलंबचे धन प्रभार ६० सेंटिमीटरवर आहेत. अंतर सेकंदाला ३ सेंटिमीटरनं कमी होतंय. डीएफ/डीटी काढा.

दोन. दोन प्रभारांमधलं अंतर या क्षणी सेकंदाला २ टक्क्यांनी वाढतंय. क्यू२ स्थिर आहे. बल या क्षणी बदलू नये म्हणून क्यू१ सेकंदाला किती टक्क्यांनी वाढला पाहिजे?

तीन. एसटीच्या उदाहरणात, बी = ३० सेंटिमीटर आणि दुसऱ्या प्रभाराचा वेग स्थिर असताना, एक्स किती असताना बल सगळ्यात जास्त वेगानं बदलतं?

उत्तरं: पहिल्याचं +०.०५ न्यूटन प्रति सेकंद, −०.०५ आलं असेल तर डीआर/डीटीचं चिन्ह बघा. दुसऱ्याचं ४ टक्के. २ आलं असेल तर लॉगच्या ओळीत अंतरापुढचा २ सुटलाय. तिसऱ्यासाठी डीएफ/डीटीचं सूत्र एक्समध्ये लिहिलं की एक्स ÷ (एक्स^२ + बी^२)^२ ही राशी कमाल करायची आहे हे दिसतं. तिचं डेरिव्हेटिव्ह शून्य धरा, एक्स = बी ÷ √३ मिळेल, म्हणजे समोरच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना सुमारे १७.३ सेंटिमीटरवर. उत्तर एक्स = ० आलं असेल, तर तुम्ही बल सगळ्यात जास्त कुठं आहे ते काढलंत. प्रश्न बल सगळ्यात जास्त वेगानं कुठं बदलतं हा होता.